चोविसावं चित्र

रंगांच्या दुकानात ‘त्वचा’ असं नाव छापलेली एक ट्यूब मिळते. तिच्यातून गुलाबी रंग निघतो. माझ्या ओळखीत त्या रंगाचं एकही माणूस नाही, तरी ती ट्यूब वर्षानुवर्षं त्याच नावाने खपते. तेरा वर्षं मी अशाच एका दुकानात गिऱ्हाइकांना भिंतींचे रंग जुळवून देत होते, तेव्हा एवढं बोलायचा हक्क मला आहे. आता माझ्या टेबलावर बावीस तपकिरी रंग असतात, स्वतः कालवलेले, झाकणांवर आकडे टाकलेले. गुलाबी ट्यूबही आहे. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून ती मी त्यांच्यावर ठेवते.

चित्रकला मी कुठे शिकलेले नाही. या कामात पडले ती ताईमुळे. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही दोघी एकत्र राहतो. सहा वर्षांपूर्वी तिची पोटरी सुजली, ताप चढला. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि म्हणाले, “लाली कुठाय? लाली नाही म्हणजे काळजीचं काही नाही.” आमच्या घरात ताईचा रंग सगळ्यांत गडद. तिच्या पोटरीवर लाली दिसणार कशी? दिसत होता तो जांभळट, तुकतुकीत पट्टा, आणि तो मला दारातून दिसला होता. मी तसं म्हणाले, तर त्यांनी एक जाडजूड पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. त्यात एक गुलाबी पाय होता आणि त्यावर लालभडक सूज. चौथ्या दिवशी ताई इस्पितळात गेली. पाय थोडक्यात वाचला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. तिच्या खाटेशेजारी बसून मी तिची पोटरी कागदावर काढली. पाय कमी आणि उशी जास्त, असं ते चित्र होतं. रंग मात्र तंतोतंत जुळला होता.

तेव्हापासून हेच करते आहे. डॉक्टरांना पत्रं लिहायची, मेडिकल कॉलेजांमधून चित्रं दाखवत हिंडायचं, ‘सावळ्या माणसालाही रोग होतात हो’ असं सांगत राहायचं. बहुतेक जण हसून चहा पाजतात आणि वाटेला लावतात. मोठ्या इस्पितळातल्या त्वचाविभागाच्या डॉक्टरीणबाईंनी चहा पाजला नाही. त्यांनी माझी चित्रं भिंगाखाली धरून एकेक पाहिली आणि विचारलं, “नर्सेससाठी पुस्तक करायचंय. चोवीस रोग, सगळे आपल्या रंगांवर. जमेल?”

काम करायची माझी एक पद्धत आहे. चित्रात खरा माणूस कधीच घ्यायचा नाही. कुणाचं मनगट, कुणाचे केस, कुणाच्या कोपराच्या सुरकुत्या असं गोळा करून जगात नसलेला माणूस बनवायचा. म्हणजे कुणाची अब्रू चव्हाट्यावर येत नाही. पण असा बनवलेला माणूस रबरी दिसतो. म्हणून शेवटी मी त्याला एक खोट देते. तीळ, व्रण, तुटकं नख, काहीतरी मनाने रचलेलं. खोट दिली की कातडी जिवंत होते.

सातवं चित्र एका पुरुषाच्या हाताचं होतं. सोरायसिस, गोऱ्या कातडीवर गुलाबी दिसतो, आमच्यावर जांभळट-राखाडी. हात कोपरापासून पुढचा, मूठ वळलेली, अंगठा मुठीच्या आत. मनगटावर खोट म्हणून मी उलट्या स्वल्पविरामासारखा व्रण दिला. मागे त्या दिवसाची तारीख टाकली, तीन, आणि पाठवून दिलं.

पाच आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आवाज कडक होता.

“तुम्ही माझ्या पेशंटचं चित्र काढलंत. त्याची लेखी परवानगी कुठाय?”

“मॅडम, तो माणूसच नाहीये. मी बनवलाय.”

“बनवलेला माणूस आत्ता माझ्या बाहेरच्या बाकावर बसलाय. परवानगी नसेल तर पुस्तक थांबेल. या इकडे.”

पुस्तक थांबून कसं चालेल? सहा वर्षांत एवढ्या लांबवर पहिल्यांदाच आले होते. मी तडक निघाले.

तो लिफ्टदुरुस्ती करणारा माणूस होता, चाळिशीचा, खिशाला टेस्टर लावलेला. मी खोलीत शिरताच त्याने, कुणी काही न सांगता, हात टेबलावर ठेवला, मूठ वळली आणि अंगठा आत घेतला. मनगटावर उलटा स्वल्पविराम होता. चट्टे, त्यांच्या कडा, कोपराजवळची पांढुरकी खपली, सगळं माझंच होतं. मी जिथे सोळा नंबरचा तपकिरी वापरला होता तिथे सोळा नंबरचाच तपकिरी होता.

“हा व्रण कधीचा?” मी विचारलं.

“गेल्या महिन्यातला. दारात हात सापडला. अठरा तारीख. मेव्हण्याकडे जायचं होतं, ते राहिलं ना त्या दिवशी.”

“आणि चट्टे?”

“ते त्याच्यानंतर आले.” मग त्याने अवघडून विचारलं, “अजून किती वेळ असा धरू?”

“असा धरायला कुणी सांगितलं तुम्हाला?”

“तुम्हीच ना?” तो म्हणाला. मग त्याने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ओशाळून हात मांडीवर घेतला.

डॉक्टरीणबाईंनी चित्रामागची तारीख वाचली, गेल्या महिन्याचीच तीन. पुन्हा वाचली. परवानगीचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. मला चेव आला. इतकी वर्षं रंग जुळवलेले. समोरचा रंग माझ्या रंगाला येऊन जुळतो हे नवीनच होतं. मी आठवड्यातून दोनदा तिथे जाऊन बसायला लागले. अकराव्या चित्रातली मान आली. ती एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची निघाली. मी नमस्कार करायच्या आत त्यांनी केस बाजूला घेऊन मान पुढे केली, आणि मी दिलेले दोन तीळ तिथे होते. मग नवव्या चित्रातला घोटा आला, चौदाव्यातली हनुवटी आली. डॉक्टरीणबाई एका छोट्या वहीत खुणा करत होत्या.

“जगात माणसं काय थोडी आहेत? हाताला हात मिळतोच,” त्या म्हणाल्या. पण पेनाचं टोपण त्या सारखं लावत होत्या, काढत होत्या.

अठराव्या चित्राला मी मुद्दाम अशक्य खोट दिली. एका पुरुषाच्या खांद्यावर चार ठिपके, सरळ रेषेत, पट्टीने मोजून सारख्या अंतरावर. म्हटलं, बघू आता. अठरा दिवसांनी एक पोस्टमन सदरा काढून आमच्यासमोर बसला. ठिपके चार, सरळ रेषेत.

“लहानपणी भावाने जेवायच्या काट्याने भोसकलं होतं,” तो हसत म्हणाला. “मी सात वर्षांचा होतो.”

म्हणजे लिफ्टवाल्याचा व्रण माझ्यानंतरचा, आणि याचा माझ्या कितीतरी आधीचा. मी यांना घडवत होते की हे कुठूनतरी मला दिसत होते, याचा काही थांग लागेना. मी विचारून विचारून डोकं पिकवलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी वही मिटली.

“हे बघा. आत्तापर्यंत नऊ जण आले. नऊच्या नऊ वेळेवर सापडले, कारण सिस्टरनी तुमची चित्रं पाहिली होती आणि लांबूनच ओळखलं. वाईट कुणाचंच झालेलं नाही.”

“पण चोविसावं राहिलंय,” मी म्हणाले.

चोविसावं चित्र तळपायावरच्या काळ्या डागाचं होतं. त्वचेचा कॅन्सर. आमच्यासारख्यांना तो बहुधा तळव्यावर किंवा नखाखाली होतो, म्हणजे कुणी पाहतच नाही अशा जागी. डाग पेन्सिलीच्या टोकाएवढा असताना सापडला तर माणूस जगतो. गेल्या वर्षी दोघं आले होते, दोघंही उशिरा.

“मी नाही काढणार,” मी म्हणाले.

“मग नर्स काय बघून ओळखेल? गुलाबी तळवा?”

या बाईंनी बरोबर वर्मावर बोट ठेवलं. मी घरी आले आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी उपाय सुचला, आणि सुचल्यावर हलकं वाटलं. दुसऱ्या कुणाचा पाय बनवायचाच नाही. स्वतःचा काढायचा, जसाच्या तसा, एकही उसना अवयव न घेता. काही व्हायचंच असेल तर मला होऊ दे. मला निदान कुठे बघायचं ते ठाऊक असेल.

ताई बाहेर गेली होती. भर दुपारी, खिडकीतून भरपूर उजेड येत असताना, मी स्टुलावर बसले आणि डावा पाय वर घेतला. आपला तळवा आपल्याला नीट दिसत नाही, म्हणून समोर आरसा टेकवला. टाचेच्या भेगा, मधली फिकट कमान, आणि डाव्या पायाची ती आत वळलेली करंगळी. ही आईकडून आलेली देणगी. खोट वेगळी द्यायची गरजच नव्हती. तळव्याच्या मध्यावर, जिथे माझ्या पायावर काहीच नव्हतं, तिथे मी डाग काढला. सहा मिलिमीटर, कडा वेड्यावाकड्या. खाली लिहिलं, ‘डावा तळपाय.’

मग रोज सकाळी मी पाय बघायला लागले.

“काय गं ठमे,” ताई म्हणाली, “रोज उठून पाय काय बघतेस? पळून चाललाय का तो?”

“भेगा पडल्यात.”

“मग मलम लाव की. बघून काय बुजणारेत?”

तीन आठवडे गेले, चार गेले. पाय स्वच्छ होता. पाचव्या आठवड्यात मला वाटलं, सुटले. जे काही होतं ते खऱ्या माणसावर चालत नाही, असं मी स्वतःशी ठरवूनही टाकलं. त्या दिवशी ताईसाठी नव्या चपला घेतल्या, उगीचच.

दुसऱ्या दिवशी पुस्तकाचं शेवटचं वाचन होतं. मी आणि डॉक्टरीणबाई शेजारी बसून पानं उलटत होतो. चोविसाव्यावर त्या थांबल्या.

“चित्र फारच सुरेख झालंय. फक्त इथे तुम्ही ‘डावा’ लिहिलंय. पाय उजवा आहे.”

मी पाहिलं. अंगठा कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं. मग मला हसू आलं.

“आरशात बघून काढला ना. उलटा झाला. शिकलेल्या चित्रकाराच्या हातून असं झालं नसतं.”

“चालायचंच. पाय तो पायच,” म्हणत त्यांनी ‘डावा’ खोडलं आणि वर ‘उजवा’ लिहिलं.

जिन्यात आल्यावर माझे पाय आपोआप थांबले.

म्हणजे मी माझा पाय काढलाच नव्हता. मी उजवा पाय काढला होता. तशीच टाच, तशीच कमान, आणि आत वळलेली करंगळी, पण उजव्या पायाची.

आईची करंगळी आम्हा दोघींनाही आली आहे. मला डाव्या पायाला.

घरी कशी पोचले ते आठवत नाही. ताई खिडकीपाशी बसून नव्या चपला घालून बघत होती. उजव्या करंगळीला पट्टा लागतो म्हणून कुरकुरत होती.

“ताई, पाय दाखव. उजवा.”

“आता माझ्या पायांची पाळी का?”

“दाखव ना गं.”

तिने चप्पल काढली आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला. मी तो उजेडाकडे वळवला.

तळव्याच्या मध्यावर एक काळा ठिपका होता.

“हा कधीचा?”

“कुठला?”

मी पिशवीतून भिंग काढलं, पट्टी काढली. ठिपका दोन मिलिमीटरचा होता. सहा नव्हे, दोन. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. वेळ होता. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, लगेच घेऊन या, बघूया, इतका लहान असेल तर काढून टाकता येतो.

“रडतेस कशाला? तीळच असेल,” ताई म्हणाली. पण तिचा आवाज बारीक झाला होता.

“तीळच असेल. तरी चल.”

उठायच्या आधी मी भिंग पुन्हा एकदा धरलं.

ठिपक्याभोवती कातडीवर एक रेघ होती. फिकट करडी, बारीक, वेड्यावाकड्या वळणाने ठिपक्याला पूर्ण वेढा घालून आलेली. मी पट्टी लावली. आरपार सहा मिलिमीटर.

मी अंगठ्याला थुंकी लावून ती चोळली.

“गुदगुल्या होतात गं,” ताई म्हणाली.

मी पुन्हा चोळली, जोराने. रेघ तशीच राहिली. रंग भरायच्या आधी मी पेन्सिलीने कड आखून घेते, तशी ती होती. आत फक्त मधला ठिपका भरून झाला होता.