फांदीचं वय, झाडाचं वय

सहा जणांनी हात पसरले तरी ज्याच्या बुंध्याला वेढा पडत नाही, ते झाड नऊ वर्षांचं असू शकतं का? कंत्राटदार धायगुडे म्हणत होता, आहेच! त्याच्याकडे प्रयोगशाळेचा शिक्का मारलेला अहवाल होता. कायद्याची बंदी होती ती पन्नास वर्षांवरच्या झाडांना हात लावायची. गावची बालवाडी ज्या गोरखचिंचेच्या सावलीत भरायची, तिच्याखाली आता करवतीचं यंत्र उभं होतं.

याच बालवाडीत शिकलेल्या रोझलिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहवाल तिच्या सख्ख्या आत्याच्या प्रयोगशाळेचा होता! ती तडक तिथे जाऊन धडकली.

"फिलोमिना आत्या, तुझं यंत्र खोटारडं आहे! भंगारात घाल ते!"

"भांड खुशाल, पण आधी ऐक. हवेत कार्बन-१४ (कार्बनचा जरा जड, किरणोत्सारी भाऊ) असतो. अवकाशातल्या किरणांमुळे तो सतत तयार होतो. झाड तो हवेतून घेतं, त्याचं लाकूड होतं. लाकूड बनलं की नवी भर बंद. मग तो घटत जातो, ५७३० वर्षांत निम्मा होतो. उरलेला मोजला की लाकडाचं वय कळतं. अगदी अलीकडचं लाकूड असेल, तर अणुचाचण्यांनी हवेत वाढलेल्या कार्बन-१४शी ताडून पाहायचं."

"असतो किती तो?"

"लाख कोटी अणूंमध्ये एखादा! म्हणून हा त्वरक (अणूंना प्रचंड वेग देणारं यंत्र). धावणारे अणू चुंबकापाशी वळतात. हलके जास्त वळतात, जड कमी. वाटा वेगळ्या झाल्या की कार्बन-१४ एकेक करून मोजायचा. मोहरीएवढा तुकडा पुरतो."

"आणि तो तुकडा आणला कुणी?"

"धायगुड्यांच्या माणसाने."

"कुठून काढला होता?"

आत्या कपाटापाशी गेली. तिने उरलेला नमुना काढून पाहिला. कोवळ्या फांदीचं टोक! झाड दरवर्षी बाहेरच्या अंगाने वाढतं आणि सगळ्यात जुनं लाकूड बुंध्याच्या गाभ्यात राहतं. यंत्राने फांदीचं वय अगदी बरोबर सांगितलं होतं.

"म्हणजे नुकतंच वाढलेलं नख तपासून आजीचं वय ठरवलंस!" रोझलिन कडाडली.

"मी विचारायला हवं होतं," आत्या म्हणाली. आता तिचाही चेहरा लाल झाला होता. "चल!"

पूर्वी असं यंत्र अख्खी खोली अडवायचं, आता ते टेम्पोत मावत होतं. ते घेऊन दोघी गोरखचिंचेपाशी पोचल्या. रोझलिन करवतीच्या आडवी उभी राहिली. आत्याने बारीक पोकळ गिरमिटाने सगळ्यांदेखत गाभ्यातलं लाकूड काढलं. दुपारी पडद्यावर आकडा उमटला. पाचशे दहा वर्षं, वीस-पंचवीस इकडेतिकडे.

करवत माघारी निघाली.

"पोरी, एका झाडापायी एवढा राग बरा नव्हे," धायगुडे हसत म्हणाला.

"एका झाडाचा नाही, काका. असे दाखले तुमच्याकडे अजून किती आहेत?"

धायगुड्याने हातातली अहवालांची फाइल पाठीमागे नेली. रोझलिनने फाइल मागायला हात पुढे केला, तो तसाच ठेवला. आत्याने गिरमिट पुसून टेम्पोत टाकलं आणि पुढच्या झाडाकडे निघायला रोझलिनसाठी शेजारची जागा मोकळी केली.