काशीद सरांचा डावा अंगठा

बार्शीच्या केशकर्तन वर्गात त्या दिवशी वस्तऱ्यांना सुट्टी होती. टेबलावर नवा त्वचादर्शी होता. त्यावर हात ठेवला की कातडीच्या आतल्या पेशी पडद्यावर दिसत. माणसाचा रंग कशावरून ठरतो, हा काशीद सरांचा धडा.

आधी गोऱ्यापान मकरंदने हात ठेवला, मग काळ्यासावळ्या रेश्माने. दोघांच्या रंगपेशी जवळजवळ सारख्याच निघाल्या! वर्ग चाटच पडला. सरांनी सांगितलं, पेशी सगळ्यांना सारख्याच मिळतात. त्या मेलॅनिन किती आणि कोणतं बनवतात, त्यावर रंग ठरतो. मेलॅनिनचे कण पेशीच्या गाभ्यावर छत्री धरतात आणि ऊन अडवतात. जन्मभर ‘काळी’ ऐकलेल्या रेश्माला हसूच आवरेना.

मकरंदने मग सरांच्या दुकानातल्या गोरदिव्याचं विचारलं. तो दिवा चेहऱ्यावरून एकदा फिरवला की आठवड्यात रंग उजळे. लग्नसराईत गर्दी मावत नसे. रेश्माच्या थोरल्या भावाने, किरणनेही बोहल्यावर चढण्याआधी तो लावून घेतला होता.

दिवा पेशींना फक्त झोपवतो, सहा महिन्यांत त्या जाग्या होतात, असं कंपनीचं म्हणणं सरांनी सांगितलं. दिवा फिरवताना ते हातमोजा घालत. पण मोज्यातून गाल नीट ताणला जात नाही, आणि डाव्या अंगठ्याने गाल ताणल्याशिवाय न्हाव्याचा उजवा हात चालत नाही. एकदाच त्यांनी मोजा काढला होता, किरणच्या वेळी, आणि दिवा अंगठ्यावरूनही फिरला होता. त्याला आठ महिने झाले होते. अंगठा अजून पांढराच होता.

सरांनी तो त्वचादर्शीवर ठेवला. पडद्यावर एकही रंगपेशी नव्हती. काच पुसून पुन्हा ठेवला. तेच. उजवा अंगठा ठेवला, तर पडदा पेशींनी भरला.

“झोपल्या असत्या तर दिसल्या असत्या,” सर म्हणाले. “मेल्या आहेत.”

रेश्माला किरणचा चेहरा आठवला. किरण छपरांवर सौरपट्ट्या बसवायचा, भर उन्हात. तिने त्याला व्हिडिओ कॉल लावला. तो उघड्या डोक्याने छपरावर उभा होता, गोरापान, गाल लालबुंद.

“बरं झालं फोन केलास,” तो हसत म्हणाला. “धाकटा मेव्हणा मागे लागलाय. सरांकडे त्याला दिव्यासाठी कधी आणू?”