मिनिटरावाचं मशीन

त्या दिव्यावर फडकं टाका रे जरा, डोळ्यावर येतोय. हं, आता बरं. भुताची गोष्ट हवीय ना तुम्हाला? माझ्याकडे एकच आहे आणि ती घडलेली आहे, माझ्या साडूच्या डोळ्यांदेखत. हा साडू आमच्याच न्यूज चॅनेलच्या गाडीवर ड्रायव्हर. दारूला कधी शिवला नाही. आणि थापा म्हणाल, तर घरी उशीर का झाला हे बायकोला सांगतानासुद्धा बिचाऱ्याला खोटं सुचत नाही. आता विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

तर, सतरा नोव्हेंबर, रविवारची रात्र. जेवणं उरकायच्या वेळेला आमच्या मोठ्या साहेबांनी साडूला हाक मारली, "गाडी काढ. मिनिटरावाच्या घरी जाऊन यायचंय. छोटंसं काम आहे."

मिनिटराव म्हणजे आमचा साउंडवाला. खरं नाव कोणाच्या तोंडी नव्हतंच. कुठंही गेला की काम सुरू करण्याआधी हा हात वर करायचा आणि म्हणायचा, "एक मिनिट. कोणी बोलू नका." आणि त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करून घ्यायचा. हसू नका, मी आयुष्यभर एडिटिंग केलंय. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. कुठं फ्रिज गुरगुरतो, कुठं भिंतीपलीकडे नळ गळतो. बोलणं कापलं की मध्ये त्याच खोलीची शांतता भरावी लागते, नाहीतर ऐकणाऱ्याच्या कानाला भोक पडतं. मंत्री असो नाहीतर संत्री, मिनिटराव सगळ्यांना गप्प बसवायचा.

त्या उन्हाळ्यात त्याला युद्धावर पाठवलं, दूरच्या देशात. तो परत आलाच नाही. ज्या तळघरात रात्र काढत होता, त्याच्यावर अख्खी इमारत बसली.

मेल्या म्हशीला मणभर दूध! दोन दिवस चॅनेलवर त्याचा फोटो, खाली 'आमचा शूर सहकारी'. तिसऱ्या दिवशी साहेबांनी हात वर केले. असं बघा, युद्धात मेलेल्या बातमीदारांच्या, कॅमेरावाल्यांच्या घरच्यांना आधार देणारी एक संस्था आहे. घराचं, पोरांच्या शाळेचं बघतात. त्यांनी आमच्या चॅनेलला एकच विचारलं, "माणूस कामावर होता ना?" जबाबदारी अंगावर नको म्हणून साहेब म्हणाले, "नव्हता. आम्ही त्याला आदल्या दिवशीच परत बोलावलं होतं. स्वतःच्या हौसेनं थांबला."

हौसेनं! बॉम्ब पडताहेत आणि म्हणे हौसेनं. संस्थेलाही ते पटेना. ते म्हणाले, "मग त्याच्या बायकोला तसं सांगू दे, आम्हाला तिच्या आवाजात ऐकवा."

तेच ते छोटंसं काम. घरात बायको, दहा वर्षांची मुलगी आणि म्हातारी आई. राहायला कंपनीची खोली, तीही महिनाअखेर सोडायची. साहेबांचा बेत सोपा होता. एवढं एक वाक्य बोल, खोली राहू देतो, कँटीनमध्ये कामाला लावतो. नाहीतर रस्ता मोकळा आहे.

आणि रेकॉर्डिंगला साहेबांनी कपाटातून काय काढलं असेल? मिनिटरावाचंच मशीन. सामानाबरोबर परत आलं होतं. कपडे घरी धाडले, मशीन कंपनीचं म्हणून ठेवून घेतलं. साहेबांनी स्वतःच्या हातानं त्यात नवंकोरं, रिकामं मेमरी कार्ड घातलं. साडूनं बघितलंय.

चौथा मजला. साडू मशीनची बॅग घेऊन मागोमाग. खोली नीटनेटकी, अर्धं सामान खोक्यांत भरलेलं. म्हातारी खिडकीपाशी खुर्चीत बसलेली. मुलगी पडद्याआड झोपलेली, किंवा तसं दाखवत असलेली. साहेबांनी टेबलावर मशीन ठेवलं, कानाला हेडफोन लावले.

म्हातारी म्हणाली, "आधी मिनिटभर गप्प बसा. तो तसं करायचा."

साहेब हसले. "आजी, माणसं जातात. त्यांच्या सवयी किती दिवस सांभाळायच्या? हं वहिनी, बोला. सांगितलंय तेवढंच."

साडू सांगतो, तिनं एकदा पडद्याकडे बघितलं. पोरीसाठीच तयार झाली होती ती. म्हणाली, "माझे पती तिथं स्वतःच्या..."

"मोठ्यानं."

"माझे पती तिथं..."

"अहो, ऐकू येत नाहीये. मोठ्यानं बोला!"

ती जवळजवळ ओरडली. साहेबांनी वायर हलवली, बटणं दाबली. साडूनं मशीनकडे पाहिलं. आवाज आला की स्क्रीनवर एक हिरवी पट्टी नाचते. ती बाई ओरडत होती, तर पट्टी निपचित पडलेली.

मग ती गप्प झाली. सगळेच गप्प झाले.

आणि पट्टी हलली.

आधी थोडी, मग वर वर. खोलीत कोणी बोलत नव्हतं. साहेबांचा चेहरा मात्र उतरत गेला. "कोण... कोण बोलतंय?" म्हणाले आणि हेडफोन ओढून टेबलावर टाकले. टाकल्यावर ते सगळ्यांनाच ऐकू आलं. बारीक, पण स्पष्ट. साहेबांचाच आवाज.

"अजून एक रात्र थांब. मला स्फोट जवळून हवेत, लांबचे नकोत. आणि निघालास तर परत ऑफिसात तोंड दाखवू नकोस."

मग एक श्वास. मग दुसरा आवाज, दमलेला.

"एक मिनिट, साहेब..."

म्हातारीनं डोळे मिटले. मिनिटरावाची बायको मात्र उठली, आणि साडू म्हणतो, तिच्या आवाजात भीतीचा लवलेश नव्हता.

"मी आता बोलणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही बोला. तो ऐकतोय."

साहेब मशीन उचलून पळाले. हो, पळाले. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस जिने उतरताना कसा दिसतो, ते साडूनं त्या रात्री बघितलं.

गाडीत साहेबांनी मशीनच्या बॅटऱ्या उपसल्या आणि खिडकीतून भिरकावल्या. पट्टी हलतच होती. पुलावर गाडी थांबवली. मशीन खाली नदीत फेकलं. पाण्याचा आवाज साडूनं स्वतः ऐकला.

"ऑफिसला घे," साहेब म्हणाले. "सिस्टीमवर रेकॉर्ड झालेले फोन कॉल असतील. सगळे उडवायचेत." चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

ऑफिसात शुकशुकाट. नाइट शिफ्टच्या एक ताई दूरच्या टोकाला होत्या, बाकी कोणी नाही. साहेब थेट रेकॉर्डिंग रूममध्ये शिरले. ती खोली कशी, सांगतो. खिडकी नाही. भिंतींना जाड फोम. दाराला दुहेरी रबर. बाहेर मोठी काच. साडू काचेपाशी उभा.

आत टेबलावर मशीन होतं.

ओलं...

साहेब मागे फिरले. दार मिटलं. साडूनं हँडल ओढलं. हलेना. दारावरचा, रेकॉर्डिंग सुरू झाल्याचा लाल दिवा लागला.

साहेब ओरडत होते. काचेतून तोंड दिसत होतं. आवाज शून्य.

मग त्यांनी ओरडणं थांबवलं. मान कलती केली. काहीतरी ऐकल्यासारखी.

हळूच वर बघितलं. छताकडे.

खाली बसले. टेबलाखाली सरकले. दोन्ही हात डोक्यावर.

आणि बोलायला लागले... ओठ हलताहेत... थांबत नाहीत... वर बघतात... पुन्हा बोलतात...

साडूची पाचावर धारण बसलेली. दोन्ही हातांनी हँडल ओढत तो ताईंना हाका मारायला लागला.

...

किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाही. दिवा विझला. दार आपोआप सैल झालं.

साहेब टेबलाखालीच होते. जिवंत. डोक्यापासून बुटांपर्यंत धुळीनं पांढरेराखाडी, भुवयासुद्धा दिसेनात. आणि खोली? खोली लख्ख. जमिनीवर धुळीचा कण नाही.

तोवर ताई धावत आल्या होत्या. त्यांनी मशीन उचललं, ऐकलं. सगळं होतं त्यात, साहेबांच्या स्वतःच्या तोंडून. परत येऊ का म्हणून त्यानं किती विनवलं, तळघर धोक्याचं आहे हे सांगितलं, तरी आपणच त्याला कसं थांबवलं, आणि नंतर संस्थेला काय थाप मारली. ताई मोठ्या धीराच्या. मालकांना उठवायच्या भानगडीत पडल्याच नाहीत. सकाळच्या पहिल्या बातम्यांत सगळ्या देशाला ते ऐकवलं. वर म्हणतात कशा, "साउंड फार छान आलाय, एक शब्द कापायला लागला नाही."

संस्थेनं त्याच दिवशी त्या घराचा भार उचलला. खोली राहिली, मुलगी शाळेत जाते. चॅनेलनं मिनिटरावाची जाहीर माफी मागितली. माणूस परत येत नाही म्हणा माफीनं. पण मला विचाराल तर बरं झालं, पुरतं बरं झालं. असल्या माणसाची मला कणभर दया येत नाही.

साहेब? आहेत की. घरीच असतात. बोलत नाहीत. बायको दर आठवड्याला त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जाते. ते डॉक्टर माझ्या शेजारीच राहतात. आधी म्हणाले मळ आहे, मग म्हणाले सिमेंटची पूड आहे. साफ करून पाठवलं, की पुढच्या आठवड्याला कान पुन्हा भरलेले.

परवा त्यांनी मला घरी बोलावलं आणि कापसावर ठेवलेला विटेचा एक तुकडा दाखवला. त्याच सकाळी साहेबांच्या उजव्या कानातून काढलेला. मी हातात घेऊन बघितला.

अंगठ्याएवढा जाड होता.

डॉक्टर म्हणाले, "काका, कानाचं भोक एवढं नसतं हो."