असनालीच्या वहीची सहा पानं

वहीतली सहा पानं कुणीतरी फाडली होती.

सकाळी नऊला काचेची पेटी उघडली तेव्हा ग्रंथपाल झूराच्या ते लक्षात आलं. शिवणीपाशी कागदाचे ताजे, तुटके काठ तेवढे राहिले होते. अकराला कार्यक्रम होता.

आमच्या नारीन गावच्या कॉलेजात दर ऑक्टोबरला ग्रंथालय ‘मोकळं वाचन’ नावाचा आठवडा करतं. एकेकाळी जी पुस्तकं जवळ बाळगली म्हणून माणसं तुरुंगात गेली, ती टेबलावर मांडायची, कविता म्हणायच्या, गावचा इतिहास सांगायचा. यंदा मान होता असनालीच्या वहीला. असनाली इथलाच कवी. एकोणीसशे अडतीस साली कुणीतरी त्याची चहाडी केली आणि सरकारनं त्याला गोळी घातली. त्याची वही म्हणे चोरोबाय नावाच्या मित्रानं जिवावर उदार होऊन लपवली. चोरोबायचा मुलगा प्रोफेसर कुबात यानं ती आता कॉलेजला दिली होती, आणि म्हणून आज वाचनालयाच्या दालनाला चोरोबायचं नाव लागणार होतं. पाटी भिंतीवर चढलीसुद्धा होती. पडदा ओढायचा तेवढा बाकी होता.

प्राचार्य इशेन धावत आले. त्यांना तपासाची गरजच नव्हती. चोर ठरलेला होता: जाझगुल, असनालीची पणती, दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. चोरोबायनंच आमच्या माणसाचं नाव दिलं, असं तिच्या घरात तीन पिढ्या बोलत आले होते. पुरावा चिमूटभर नाही. तरी आठवडाभर ही पोरगी सांगत फिरत होती, की पाटी लागली तर हातोड्यानं फोडीन. पोलिसांना बोलवा आणि आजच्या आज तिचं नाव कॉलेजातून काढा, असं इशेननी फर्मावलं.

झूरा म्हणाली, आधी मला विचारू द्या. जुन्या राजवटीत दहा वर्षं ती बंदी घातलेल्या पुस्तकांच्या कुलूपबंद कपाटाची राखण करत होती. पुस्तक देताना पानं मोजायची, घेताना पुन्हा मोजायची. असल्या बाईला घाई करून चालत नाही.

काल संध्याकाळी पेटीपाशी तिघेच आले होते. इशेन मांडामांड बघायला, जाझगुल फुलं लावायला, आणि सहा वाजता प्रोफेसर, बापानं लपवलेल्या वहीसोबत फोटो काढायला. पेटीची किल्ली खिळ्यावर लटकत होती. आणि तिघांनाही झूरानं दुपारीच सांगून ठेवलं होतं, प्रोफेसरांना फोनवर, की वहीची शेवटची सहा पानं कवितांची नाहीत, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरातली आहेत, आणि ती मी उद्या सभेत वाचणार आहे.

तिनं जाझगुलला आत घेतलं.

“पानं तू फाडलीस?”

“नाही, एजे.” थोरल्या बहिणीला म्हणतात तसं सगळेच झूराला एजे म्हणत.

“राग तर आहे तुला.”

“आहे ना. पण तो चोरोबायवर. पणजोबांच्या कवितांनी माझं काय घोडं मारलंय?”

“कविताच फाडल्या, हे तुला काय माहीत?”

जाझगुलनं वहीवर बोट ठेवलं. “हे काय, सुरुवातीची पानं गेलीत. तुम्हीच तर शिकवलंत मला.”

खरं होतं. वही जुन्या अरबी लिपीत होती. शंभरेक वर्षांपूर्वी आपल्याकडे तीच चालायची. पुढं सरकारनं ती बंद केली आणि शिकलेले आजोबा एका रात्रीत अडाणी ठरले. आज अख्ख्या गावात ती वाचणाऱ्या दोघीच होत्या: झूरा, आणि वर्षभर तिच्यापाशी बसून शिकलेली ही पोरगी.

झूरानं वही पुन्हा पाहिली, मनाशी मान हलवली आणि चहा टाकायला सांगितला.

साडेदहाला प्रोफेसर कुबात आले. नवा सूट, डोक्यावर पांढरी फेल्टची टोपी. पानं गेल्याचं आणि इशेनचा जाझगुलवरचा संशय ऐकून त्यांनी सुस्कारा टाकला. गेली तर गेली, म्हणाले, बाकीची वही तर शाबूत आहे. पोरीला माफ करा, तिचं वय लहान आहे. इशेनना गहिवरून आलं. जाझगुलच्या डोळ्यांतून आग निघत होती.

झूरानं दार लावून घेतलं.

“चोराला अख्खी वही नको होती,” ती म्हणाली. “वही राहिली तरच पाटी लागणार. त्याला नको होती फक्त शेवटची पानं. म्हणून त्यानं वही आपल्या पुस्तकांसारखी धरली, डावीकडून उघडली आणि शेवटची म्हणून सहा पानं ओढून काढली. पण ही लिपी उजवीकडून डावीकडे जाते. वही सुरू होते तिथं आपलं पुस्तक संपतं. जाझगुलला हे झोपेतही कळेल. इशेनसाहेबांनी काल दुपारी वही पेटीत उलटी ठेवली, तेव्हा मी त्यांना पोरांसमोर टोकलं होतं. पोरं फिदीफिदी हसली. ते कसे विसरतील? उरलं कोण?”

“काहीतरीच काय, एजे,” प्रोफेसर म्हणाले.

झूरानं वही दुसऱ्या बाजूनं उघडली. सहा पानं, बारीक, दाटीवाटीचं अक्षर. “ही बघा. जागच्या जागी आहेत.”

“ती तर मी—” प्रोफेसरांनी ओठ मिटले. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

“अक्षर तुमच्या वडिलांचं आहे. ते काही बोलले होते का कधी?”

प्रोफेसरांनी चहाचा कप खाली ठेवला. “मरताना म्हणाले, त्या वहीच्या शेवटी मी सगळं लिहून ठेवलंय. मला वाचता येत नव्हतं. वाटलं, कुणालाच येत नसेल.”

“फाडलेली पानं कुठं आहेत?” जाझगुलनं विचारलं.

“चुलीत घातली.”

अकरा कविता होत्या त्या पानांवर. दुसरी प्रत जगात नव्हती. बापानं कवी खाल्ला, मुलानं कविता खाल्ल्या, असं झूरा संतापून म्हणाली. इशेन फोनकडे वळले. जाझगुलनं त्यांचा हात धरला.

“पोलीस नकोत. प्रोफेसर आगायना व्यासपीठावर येऊ द्या. मी एकेक ओळ वाचते, तीच त्यांनी माइकवर म्हणायची. सहाच्या सहा पानं. नाहीतर मग पोलीस.”

“समोर माझी नातवंडं बसलीत गं,” प्रोफेसर हात जोडून म्हणाले.

“माझ्या पणजोबांनाही लेकरं होती.”

अकराला दालन खच्चून भरलं. पाटीवरचा पडदा तसाच राहिला. प्रोफेसर टोपी काढून माइकपाशी उभे राहिले. शेजारी जाझगुलनं वही उजवीकडून चाळत नेली आणि शेवटच्या सहा पानांतल्या पहिल्यावर बोट ठेवलं.

“मी चोरोबाय,” ती वाचू लागली. “असनालीचं नाव मीच दिलं. त्याची बायको मला हवी होती म्हणून दिलं.”

प्रोफेसर पुटपुटले.

“मोठ्यानं म्हणा, आगाय. मागच्या रांगेला ऐकू आलं नाही.”

त्यांनी मोठ्यानं म्हटलं. पहिल्या रांगेतली त्यांची नात आजोबांकडे टक लावून बघत होती.

जाझगुलनं बोट पुढच्या ओळीवर सरकवलं. अजून जवळजवळ सहा पानं बाकी होती.