आलेला की आणलेला?

"बाई, आमचं पान चोरीला गेलंय!" पाहुणी दारातूनच म्हणाली.

ती बंदरात लाँच चालवायची. आफ्रिकेतून आलेल्या जुन्या खलाशांची नावं उद्या धक्क्यावरच्या शिळेवर कोरली जाणार होती. तिच्या खापरपणज्याचा पुरावा एकच, बंदराच्या नोंदवहीतलं त्याचं पान. पान नाही, तर नाव नाही.

"घरी सांगतात, तो नाखवा होऊन आपल्या मर्जीनं आलेला. वहीच्या सूचीत नुसतं नाव आहे, पान अजून कुणी वाचलेलं नाही."

तपासात भिंगबाईंचा हात धरणारा कुणी नव्हता. त्या लगेच तिच्याबरोबर निघाल्या. मागोमाग त्यांचे मित्र, निवृत्त पोस्टमास्तर. स्वतःला हुशार समजायला यांना कधी पुरावा लागला नव्हता.

दप्तरखान्यात वही उघडली. शिवण उसवून पान अलगद काढलं होतं आणि वही पुन्हा नीट शिवली होती. बाईंनी दोऱ्यावर बोट फिरवलं. ते किंचित चिकटलं.

दप्तरदार म्हणाला, "महिन्याभरात वही दोघांनीच हाताळली. बाइंडरनं आणि हिच्या काकांनी."

"बाइंडरच!" पोस्टमास्तर पुटपुटले.

वही दाखवताच बाइंडर भडकला. "मी साधा सुती दोरा वापरतो. आणि एकेका भोकातून दोन-दोन टाके? वही आहे की गोणपाट?"

काका शेडमध्ये शीड शिवत होते. मेणाच्या गोळ्यावरून दोरा ओढत म्हणाले, "पोरी, नाद सोड. आणलेल्या माणसाचं नाव कशाला कोरायचं?"

"काका, पान द्या," बाई म्हणाल्या.

पोस्टमास्तरांनी आ वासला.

"मेणाचा दोरा, दुहेरी टाका. दुसरा चोर वही उसवलेलीच टाकून गेला असता. शीड शिवणाऱ्याला उसवलेलं बघवत नाही! आणि घरात सगळे 'आलेला' म्हणतात. 'आणलेला' म्हणाले ते फक्त काका. ते पान वाचल्याशिवाय कसं कळणार?"

काकांनी हत्यारांच्या पेटीतून पान काढलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "हिला लहानपणापासून सांगत आलो, नाखवा होता म्हणून. इथे लिहिलंय, 'दोरानं बांधून आणलेला.' कुठल्या तोंडानं सांगू?"

पुतणीनं पान वाचलं. मग तिनं ते उलटलं.

"काका, मागची बाजू वाचली?"

"धीर नाही झाला."

"सोळा वर्षांनंतरची नोंद आहे. 'नाव स्वतःची.'"

"'स्वतःचं' हवं," पोस्टमास्तरांनी चूक काढली.

"'ची'च आहे, मास्तर," पुतणी म्हणाली. "नाव म्हणजे होडी!"

काकांनी ती ओळ दोनदा वाचली. मग बाह्यांनी डोळे पुसले.

"दोन्ही नोंदी कोरायला सांग," ते म्हणाले. "'आणलेला' आधी."