नऊ नंबरची होडी

पटणं न पटणं तुमच्यावर. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

हे माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत घडलं. घरात तिला सगळे ठकी म्हणतात. ज्या वहीत हे सारं नोंदलं गेलं, ती वही मी स्वतः चाळली आहे.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

मंगळवार. दुपारचा एक वाजून दहा मिनिटं.

तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत पडदा ओढलेला. कठड्याच्या छोट्या पलंगावर ठकीची सात महिन्यांची मुलगी नुकतीच झोपली होती. कागदोपत्री तिचं नाव वेगळं आहे, पण हाक मारायची ती भिंगरी. ती स्वस्थ पडलेली कुणी पाहिलीच नव्हती. दुपारी झोपायची जेमतेम पाऊण तास. तेवढ्यात ठकीने जेवायचं, दुपट्यांच्या घड्या घालायच्या, आणि नोकरीही करायची.

नोकरी गेम बनवणाऱ्या कंपनीत. गेम तसा साधा. चौघांनी आपापल्या फोनवरून एक होडी वल्हवायची. चौघं चार ठिकाणी, होडी एकच. त्यांना एकत्र धरून ठेवतो तो सर्व्हर, आणि सर्व्हरचं काम ठकीकडे.

"एंडपॉइंट म्हणजे काय गं?" मी तिला एकदा विचारलं होतं.

"कचेरीतल्या खिडक्या समज," ती म्हणाली. "एका खिडकीवर एकच काम. इथे होडी मिळेल, तिथे होडीत बसवून मिळेल. फोन त्या त्या खिडकीशी जाऊन मागणी करतो. नसलेल्या खिडकीवर गेला, तर सर्व्हर म्हणतो, चारशे चार. म्हणजे बाबा रे, अशी खिडकीच नाही इथे."

सगळ्या खिडक्या झाल्या होत्या. एक राहिली होती. होडीतून उतरवण्याची.

कुणाचं नेट मध्येच गेलं, की त्याची जागा अडून राहायची. बाकीचे तिघं वल्ही धरून ताटकळत बसायचे. ती खिडकी शुक्रवारी दुपारी चारपर्यंत हवी होती.

मॅनेजरबाईंनी गोड बोलून सांगितलं होतं, "हे बघ, वेळेत झालं तर बाळ वर्षाचं होईपर्यंत घरूनच कर काम. नाही झालं तर सोमवारपासून ऑफिस. मलाही वरती उत्तरं द्यावी लागतात गं."

भिंगरी बाटलीला तोंड लावत नव्हती. चमचा भिरकावून द्यायची. तिला आई लागायची, बस. म्हणजे शुक्रवारी काम झालं नाही, तर ठकीने नोकरी सोडायची. दुसरा रस्ता नव्हता.

तर मंगळवारी एक दहाला ठकीने लॅपटॉप उघडला. सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, समोर घेतला.

आणि तिचं डोकंच फिरलं.

चारशे चार. चारशे चार. चारशे चार.

कुणीतरी नसलेल्या खिडकीवर सारखं येत होतं. चार-पाच सेकंदांनी एकदा. प्रत्येक वेळी, मॅनेजरबाईंनाही दिसतो त्या चुकांच्या बोर्डावर एक लाल ओळ वाढत होती.

ठकीने दाढीला फोन लावला. दाढी म्हणजे फोनच्या बाजूचा गेम लिहिणारा. नावाने त्याला ऑफिसात कुणीच ओळखत नाही.

"काय लावलंयस तू? माझा सगळा लॉग भरून टाकलास."

"मी जेवतोय, बाई."

"मग तुझं मशीन जेवतंय का? कुठली खिडकी ठोकतोय एवढी?"

"तूच वाच की."

ठकीने वाचलं.

उतरवून-घे.

तिने पुन्हा वाचलं.

हे नाव तिने ठेवलं होतं. आदल्या दिवशी, भिंगरीला पाजता पाजता, डाव्या हाताने, पेन्सिलीने. ऑफिसातली सगळी नावं इंग्रजीत, तशी तिलाही इंग्रजीतच लिहायची होती. हे आपलं मनातल्या मनात ठेवलेलं. भिंगरीच्या वहीच्या शेवटच्या पानावर.

कोडमध्ये तिची एक ओळही अजून लिहिलेली नव्हती.

"तू माझी वही पाहिलीस?" तिने विचारलं.

"तुझं घर पाहिलेलं नाही मी, वही कुठली?"

तिने येणाऱ्या मागण्यांचा पत्ता शोधला. कुठल्या मशीनवरून येतायत ते दर ओळीपुढे असतं.

तो रकाना... कोरा होता.

भीती नंतर आली. आधी आला तो वैताग. पाऊण तासातली वीस मिनिटं गेली होती, भाजी तशीच झाकलेली, आणि मॅनेजरबाईंचा निरोप येऊन पडला होता: बोर्ड लाल का?

"तुझं मशीन बंद कर," ती दाढीला म्हणाली.

"कशाला?"

"कर ना. वायरच काढ."

दाढीने कुरकुरत वायर काढली. मागण्या चालूच. ऑफिसातली दुसरी तीन मशीनं होती, तीही त्याने बंद केली. मागण्या चालूच.

मग एकाएकी थांबल्या.

"बघ," दाढी म्हणाला. "केलं की नाही?"

आतल्या खोलीत भिंगरी उठून रडत होती.

बुधवारी पुन्हा तेच.

एक वाजून चार मिनिटांनी पहिली लाल ओळ. ठकीने बिनपत्त्याच्या सगळ्या मागण्या अडवून पाहिल्या. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. दाढीने मध्येच तीन नवे बदल सुचवले, तिने त्याच्या सात पिढ्या मनात उद्धारल्या. हाती काही लागलं नाही. पाऊण तास संपला, आणि तिने एकही ओळ लिहिली नव्हती.

संध्याकाळी भिंगरीला मांडीवर घेऊन ती वही भरायला बसली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कधी पाजलं, कधी झोपली, कधी उठली, सगळं लिहून ठेवा.

झोपली: १.०४. उठली: १.४९.

ठकीचा हात थांबला.

तिने लॅपटॉप जवळ ओढला. बुधवारची पहिली लाल ओळ, १.०४. शेवटची, १.४९.

मंगळवार, १.१०. वहीतही १.१०.

सकाळची अर्ध्या तासाची डुलकी. तीही होती. पहाटेची होती. सोमवारी ते नाव तिने वहीत लिहिलं, त्यानंतर भिंगरी जेव्हा जेव्हा झोपली होती, तेव्हा तेव्हा कुणीतरी त्या खिडकीवर आलं होतं.

नवरा घरी आल्यावर तिने त्याला सगळं दाखवलं. तो सकाळी सातला जायचा, रात्री आठला यायचा. बिचारा बूट काढता काढता ऐकत होता.

"योगायोग असेल गं."

"मिनिटाला मिनिट?"

"तू धड झोपली नाहीस किती दिवस." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सोडून दे ना ही नोकरी. भागवू आपण कसंतरी."

तो मायेनेच म्हणाला. पण ठकीला ते झोंबलं. कारण शुक्रवारी नेमकं तेच होणार होतं.

गुरुवार. दुपारचा एक पंचवीस.

भिंगरी झोपली होती. मागण्या येत होत्या.

झोपलेल्या बाळाला मुद्दाम उठवणारी आई कुणी पाहिली नसेल. ठकी आत गेली. लॅपटॉप तिच्या हातात होता. तिने भिंगरीच्या तळपायाला बोट लावलं.

भिंगरीने डोळे उघडले.

लॉग थांबला.

ठकीने तिला थोपटलं. "जो जो, राजा. चुकलं हं माझं." भिंगरीच्या पापण्या जड झाल्या... मिटल्या.

लाल ओळ.

ठकी तिथेच फरशीवर बसली. बराच वेळ नुसती बघत राहिली. आणि मग तिला दिसलं, की मागण्या सारख्या अंतराने येत नव्हत्या. आधी भराभर यायच्या. मग विरळ व्हायच्या. मग मोठा खंड पडायचा... एखादी चुकार यायची... आणि पुन्हा भराभर.

मशीन असं मागत नाही.

असं रडतं ते मूल. रडून दमलं की थांबतं, हुंदका देतं, आणि कुणी घेत नाही म्हटल्यावर पुन्हा सुरू करतं.

तिने पहिल्यांदाच एक मागणी उघडून आत काय लिहिलंय ते पाहिलं.

होडी: ९. जागा: १. कोणाकडे: ठकी.

शेवटचा रकाना तिने ठरवलेलाच नव्हता. उतरायचं म्हणजे उतरायचं. कुणाकडे द्यायचं, हा प्रश्न तिला सुचलाही नव्हता.

तिने नऊ नंबरची होडी शोधली. जुनी होती, तिच्या आधीच्या मुलीने तयार केलेली. पहिल्या जागेवर कुणीतरी बसलेलं, नावाचा रकाना रिकामा. ठकीने ती नोंद पुसली. पान पुन्हा उघडलं.

नोंद होती.

मग तिने जुना कोड उपसला. होड्या साफ करण्याचा एक भाग होता, त्यात नऊ नंबर वगळलेला. आणि वर, पुढच्या माणसासाठी चिठ्ठी लिहून ठेवतात तशी एक ओळ.

रिकामी नाही. झोपू दे त्याला.

तिने दाढीला फोन केला. या वेळी हळू आवाजात.

"माझ्या आधी सर्व्हरला होती, ती मुलगी कुठे असते आता?"

"माहीत नाही. रजेवर गेली ती परत आलीच नाही."

"कसली रजा?"

 "बाळंतपणाची. पण आम्ही बारशाचं विचारलं तर... म्हणजे, नंतर कुणी विचारलं नाही गं. तिचा फोनही लागेना. तुला का हवीय?"

"काही नाही."

"अगं, उद्याचं होतंय ना? बाई माझ्या डोक्यावर बसल्यात."

शुक्रवार. भिंगरी नेहमीच्या वेळी झोपलीच नाही, झोपली ती दुपारी तीन वाजता.

मागण्या सुरू झाल्या.

ठकीच्या हातात एक तास होता. ऑफिससाठी इंग्रजी नावाची खिडकी लिहायची आणि मोकळं व्हायचं, एवढंच काम. ती तिने चाळीस मिनिटांत लिहिली, चालवून पाहिली. चालली.

पण बोर्ड लालच होता. उतरवून-घेच्या ओळी थांबत नव्हत्या. मॅनेजरबाईंचा निरोप आला: लाल बोर्ड मी वर दाखवू शकत नाही. चारच्या आत हिरवा कर.

तीन पन्नास. पाऊण तास उलटला तरी भिंगरी आज उठली नव्हती.

तिला त्या मागण्या अडवता येत नव्हत्या. पुसता येत नव्हत्या. एकच करता येत होतं.

ती मला म्हणाली, "भीती वाटली गं. पण चार दिवस कुणीतरी रडतंय, नि मी त्याला सांगतेय की खिडकीच नाही इथे. आणि नोकरीही हवी होती मला. दोन्ही खरं आहे."

तिने आठ ओळी लिहिल्या. नाव तेच, वहीतलं. तिसरा, 'कोणाकडे'चा रकानाही ठेवला. सर्व्हरवर चढवलं.

लॉग थांबला.

एक मिनिट काहीच आलं नाही. घरात पंख्याचा आवाज. खाली कुणीतरी गाडी लावत होतं.

मग... एक मागणी आली. एकच.

झालं.

नऊ नंबरची होडी रिकामी होती. बोर्डावरच्या लाल ओळी एकेक करून हिरव्या होत गेल्या.

ठकीने मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं. भिंगरी झोपेत हसली. आवाज करून.

त्याआधी ती झोपेत आवाज करून कधी हसलेली नव्हती.

दाखवायचं ते चार वाजता छान दाखवून झालं. मॅनेजरबाई खूश. घरून काम मंजूर.

आणि त्या दिवसापासून भिंगरी दुपारी अडीच-अडीच तास झोपायला लागली. नवरा म्हणाला, "बघ, उगाच घाबरली होतीस." ठकीला निवांत जेवता येऊ लागलं. हवा होता तेवढा वेळ मिळाला.

फक्त एक झालं. भिंगरी आता पलंगाच्या एका कडेला झोपते. पार कठड्याला चिकटून. मध्ये सरकवलं, तर झोपेतच पुन्हा कडेला जाते. अर्धा पलंग मोकळा राहतो.

ठकीने एकदा त्या मोकळ्या जागेवर तळहात ठेवला होता.

कोमट होती.

तिने नंतर तिला सरकवलं नाही.

गेल्या महिन्यात भिंगरी वर्षाची झाली. ऑफिसातून बोलावणं आलं. पाळणाघर बघायला ठकी मला सोबत घेऊन गेली. स्वच्छ जागा होती, बाई प्रेमळ होत्या. त्यांनी कागद पुढे केला नि पेन दिलं.

"मुलं किती ठेवायचीत?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती कागदाकडे पाहत होती.

"एक," ती शेवटी म्हणाली.

"बरं. अंथरूण-पांघरूण तुमचं आणलंय ना?"

ठकीने पिशवीतून एक छोटं पांघरूण काढून त्यांच्या हातात दिलं.

मग आणखी एक काढलं. तसंच. तेवढंच.

"हे पण शेजारी ठेवा," ती म्हणाली. "उघडं राहायला नको."

बाईंना वाटलं, एक धुवायला टाकलं तर बदली म्हणून दिलं असेल.

मी वाटेत तिला काही विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.