सुनेच्या हातचा काढा

उलव्याच्या भाड्याच्या घरी न्यायची बॅग आभा भरत होती... डोळ्यांतलं पाणी घड्यांवर पडू नये म्हणून मान वर करून! पनवेलचं हे घर तिला प्राणाहून प्रिय होतं. पण सासूबाईंचं, सुनंदाताईंचं ब्लडप्रेशर गोळ्या वाढवूनही उतरेना, आणि त्यांची नणंद चंद्रावतीआत्या येता-जाता म्हणे, "सून आल्यापासूनच चढलंय हो प्रेशर. बाकी माझं काही म्हणणं नाही." आपण दूर गेल्याने त्या माउलीला आराम पडणार असेल, तर जावं... नवऱ्याला, स्वानंदला, तिने कसंबसं पटवलं होतं.

जाण्याआधी ती सासूबाईंना मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. आत्या सोबत होत्याच. शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त बनतंय का, याचा रिपोर्ट नॉर्मल आला होता. रक्तातलं पोटॅशियम मात्र फार खाली गेलेलं.

"काकू, काढा, चूर्ण, चघळायचं काही घेता का?" डॉक्टरांनी विचारलं.

आभाने चमकून सासूबाईंकडे पाहिलं. भजनासाठी गळा मोकळा राहावा म्हणून रोज काढा तीच करून देत होती... बोललं, तर आत्यांचा शब्द खरा ठरणार. गप्प बसलं, तर सासूबाईंचा जीव...

"ज्येष्ठमधाचा काढा," ती म्हणाली. "मीच देते."

"सापडलं की मग. मूत्रपिंडात एक एन्झाइम असतं, ते कॉर्टिसॉलला तिथेच निष्प्रभ करतं. ज्येष्ठमध त्या एन्झाइमलाच अडवतो. मग प्रमाणातलं कॉर्टिसॉलही शरीराला मीठ धरून ठेवायला लावतं आणि प्रेशर चढतं. काढा बंद करा, पोटॅशियमचं औषध देतो. काही आठवड्यांत उतरेल."

"बघा, सुनेचाच प्रताप," आत्या पुटपुटल्या.

"नाही हो, वन्सं." सुनंदाताईंचा चेहरा लाजेने लाल झाला. "ती अर्धा कप द्यायची. ती ऑफिसला गेली, की मी पातेलंभर उकळून प्यायचे. गोड लागायचा ना..."

डॉक्टरांना हसू आवरेना. आभा मात्र हुंदके देऊ लागली... कितीतरी महिन्यांचं ओझं त्या अश्रूंतून वाहून चाललं होतं. सुनंदाताईंनी तिला कुशीत ओढलं.

"वेडे, तू गेलीस तर माझं भजन ऐकणार कोण? स्वानंद तर पहिल्या कडव्यालाच घोरतो."

आत्यांनी पदर सारखा केला. मग घसा खाकरून म्हणाल्या, "आभा, त्या उलव्याच्या घरमालकाचा नंबर दे गं. तुम्ही येत नाही म्हणून मीच सांगते."